नानाकाकांचे नकाशे कॉलेजच्या लायब्ररीत दिले, त्याचा अनुभव (साडेतीन स्टार)

रिव्ह्यू म्हटला की लोक सेवउसळीचा नाहीतर मिक्सरचा लिहितात, हा एका कॉलेजच्या लायब्ररीचा आहे, म्हणजे लायब्ररीत वरच्या मजल्यावर आर्काइव्ह म्हणून, जुने कागद जपायला, ज्या दोन खोल्या आहेत त्यांचा. गेल्या वर्षी आम्ही आमच्या नानाकाकांचे सगळे कागद तिथे दिले आणि तेव्हापासून नात्यातले, सोसायटीतले, काकांकडे शिकून गेलेले असे मिळून निदान दहा जणांनी विचारलंय की देऊ का आमच्याकडचे पण, सांभाळतात का नीट, पैसे देतात का (नाही देत). प्रत्येकाला फोनवर सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकते. कॉलेजचं नाव टाकत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि बडोदं केवढंसं, उद्या खंडेराव मार्केटात भाजी घेताना तिथलं कोणीतरी समोर यायचं.

आधी कागद कसले ते सांगते. नानाकाका लँडस्केप आर्किटेक्ट होते. आमच्या घरात हा शब्द कोणाच्याच जिभेवर बसला नाही, आजी तर शेवटपर्यंत "धाकटा बागांचा इंजिनियर आहे" असंच सांगायची आणि ऐकणाऱ्याला वाटायचं हे कुठेतरी मोगऱ्याला पाणी घालत असतील. खरं काम म्हणजे जमिनीच्या लेव्हल घ्यायच्या, पावसाचं पाणी कुठून कुठे वाहील ते बघायचं, मग रस्ते, पायऱ्या, झाडं, बाकडी सगळं कागदावर बसवायचं. कारखान्यांच्या कॉलन्या, शाळांची मैदानं, दोनतीन दवाखान्यांची आवारं असं ४० वर्षं केलं, सगळं हातानं, ट्रेसिंग पेपरवर, रोट्रिंगच्या पेनानं. लग्न केलं नाही. २०१९ मध्ये गेले. मागे राहिलं काय, तर बडोद्यातल्याच अकोट्याचा तळमजल्यावरचा फ्लॅट आणि त्यात माळ्यावर, पलंगाखाली, बाथरूमच्या वरच्या खणात, जागा मिळेल तिथे रोल. काही पीव्हीसीच्या पाइपात, काही जुन्या धोतरात गुंडाळून सुतळीनं बांधलेले. शिवाय ६ ट्रंका भरून फायली, नर्सऱ्यांची बिलं, माळीलोकांचे हजेरीपट, पत्रं, स्लाइड्स.

पाच वर्षं कोणी हात लावला नाही, उद्या बघू, दिवाळीनंतर बघू. मग ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीच घरात आली. ज्यांनी ते दिवस बडोद्यात काढलेत त्यांना सांगायला नको, तीन दिवस लाइट नाही, बाजूच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मगर निघाली म्हणून पोरं बघायला धावतायत आणि आम्ही इकडे दादाच्या घरी बसून विचार करतोय की काकांच्या पलंगाखाली काय काय होतं. माळ्यावरचं सगळं वाचलं. पलंगाखालच्या दोन ट्रंका गेल्या. उघडल्या तर आत कागदांची वीट झालेली, चिखलाच्या वासाची, पान वेगळं करायला जावं तर लगदा हातात.

दादा म्हणाला उरलेलं स्कॅन करू आणि रद्दीत देऊ. मला पण पटलं होतं, खोटं कशाला बोलू. म्हणून आधी मोठे प्लॉट काढून देणाऱ्या एका दुकानात दोन रोल घेऊन गेलो, तर तिथल्या पोऱ्यानं १९७४ चं एक ट्रेसिंग सरळ मशीनच्या रोलरमध्ये घातलं आणि ते अर्ध्यात चर्रकन फाटलं. जुना ट्रेसिंग पेपर पापडासारखा होतो हे आम्हाला माहीत नव्हतं आणि त्यालाही नव्हतं. वर त्यानं घाईघाईनं सेलोटेप लावून दिली आणि पैसे पूर्ण घेतले. त्या दुकानाला एक स्टार, तोही पोऱ्यानं निदान सॉरी म्हटलं म्हणून.

कॉलेजचं सुचवलं ते काकांच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं. मी साशंकच होते, कारण आपल्याकडे लायब्ररीला दिलेलं म्हणजे बासनात गेलेलं असाच अनुभव. पण काकांचीच एक गोष्ट आठवली. ते गेडेसबद्दल फार बोलायचे, पॅट्रिक गेडेस, स्कॉटिश माणूस, १९१४ मध्ये पहिल्यांदा हिंदुस्थानात आला तेव्हा त्यानं शहररचनेचं आख्खं प्रदर्शन, नकाशे, चित्रं, फोटो, सगळं वेगळ्या जहाजानं मागवलं होतं आणि महायुद्ध नुकतंच पेटलेलं, एमडेन नावाच्या जर्मन युद्धनौकेनं ते जहाजच बुडवलं. आयुष्यभराचं जमवलेलं समुद्राच्या तळाला. गड्यानं हाय खाल्ली नाही, मित्रांकडून पुन्हा नकाशे जमा करवले आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन भरवलंच. पुढे १९१६ मध्ये आपल्या बडोद्यावर रिपोर्ट लिहिला, १९१८ मध्ये इंदूरवर दोन खंड. आणि आता त्याचे कागद कुठे, तर बरेचसे ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत. काका हे सांगून झाल्यावर नेहमी म्हणायचे, एवढा मोठा माणूस आणि कागद शेवटी एका कॉलेजनंच सांभाळले बरं का. हे आठवलं आणि मी फोन लावला.

फोन पहिल्या खेपेला उचलला (हे लिहायलाच हवं). आर्काइव्ह सांभाळणाऱ्या बेन, पन्नाशीच्या असतील, मराठी आपल्यासारखंच बोलतात पण वैतागल्या की गुजरातीवर जातात. त्यांनी एकच सांगितलं, "काही आवरू नका. आहे तसं आणा. रद्दीत टाकायला काढलं असेल ते पण आणा." मी हो म्हटलं, आणि घरी सांगायला विसरले.

आता आमची वहिनी. अतिशय टापटीप बाई, तिच्या डब्यांवर पण लेबलं असतात. कागद न्यायच्या आदल्या दिवशी तिला वाटलं, मोठ्या कॉलेजात द्यायचंय तर असं गबाळं कसं द्यायचं. तिनं आणि माझ्या भाचीनं मिळून रात्री एकपर्यंत बसून ३ ट्रंका आवरल्या. सगळी पत्रं एका गठ्ठ्यात तारखेप्रमाणे, सगळे छोटे नकाशे एकात, मोठे एकात, फोटो वेगळे, टाचण्या काढून टाकल्या, आणि नर्सऱ्यांची बिलं, हजेरीपट, बसची तिकिटं असलं "फालतू" दोन पिशव्यांत रद्दीला. सकाळी मी बघितलं आणि मला तर बाई कौतुकच वाटलं.

बेननी पहिली ट्रंक उघडली, दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत, मग हळूच, "आ बधुं कोणे छूटुं पाड्युं?" (हे सगळं कोणी सुटं केलं?) वहिनी अभिमानानं म्हणाली, मी. बेन खुर्चीत बसल्या. मग त्यांनी पाणी प्यायलं आणि आम्हाला जे समजावलं ते मला वाटतं कागद देणाऱ्या प्रत्येकानं ऐकावं. म्हणाल्या, तुमच्या काकांनी हे पत्र या नकाशाला टाचून ठेवलं होतं ना, मग टाचणी हीच त्यांनी लिहिलेली ओळ होती. नकाशा सांगतो काय करायचं ठरलं, पत्र सांगतं का बदललं, बिल सांगतं प्रत्यक्षात काय आलं. तिन्ही एकत्र असतील तर एक बाग आहे. वेगवेगळे केले की एक चित्र, एक चिठ्ठी आणि एक रद्दी. वहिनीचा चेहरा उतरला. मग बेनना वाईट वाटलं आणि त्यांनी चहा मागवला. पिशव्या कुठेयत विचारलं. सुदैवानं रद्दीवाला रविवारी येतो.

इथून पुढे जे झालं त्याचे मी पूर्ण पाच स्टार देते, कारण असलं काम मी जन्मात बघितलं नव्हतं. त्या आणि त्यांचा एक असिस्टंट मुलगा, दोघांनी मिळून ३ ट्रंकांचे कागद पुन्हा मूळच्या जुडग्यांत लावले. मी दोनदा जाऊन बसले होते बघायला. टाचणीचा गंज बघायचे, पत्राच्या कोपऱ्यात जिथे तपकिरी डाग तिथेच नकाशाच्या कोपऱ्यात डाग, म्हणजे हे दोघं शेजारी होते. घडीच्या रेघा जुळवायचे. आणि सगळ्यात भारी म्हणजे कसर. एका पत्रात किडीनं पाडलेलं भोक होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं, जरासं लांबट. तेच भोक, त्याच आकाराचं, त्याच जागी, पुढच्या कागदात थोडं लहान, त्याच्या पुढच्यात अजून लहान, असे ७ कागद निघाले, शेवटच्यात नुसता टोचा. म्हणजे किडा पहिल्या कागदातून शिरून सातव्यात थांबला होता आणि त्याच क्रमानं ते ठेवलेले होते. बेन म्हणाल्या, आमचा सगळ्यात इमानदार कारकून. मी घरी येऊन वहिनीला सांगितलं तर ती म्हणे, म्हणजे मी किड्यापेक्षा गेले.

सांभाळण्याबद्दल थोडं, कारण सगळे तेच विचारतात. रोल उलगडून सपाट करतात, पण एकदम नाही, आधी दमट हवेत ठेवून कागद सैल होऊ देतात मग वजनाखाली, आणि मग मोठ्या पसरट खणांच्या लोखंडी कपाटात आडवे. खोलीत आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहील असं मशीन आहे, भिंतीवर काट्याचं घड्याळासारखं मीटर आहे आणि तो मुलगा रोज वहीत आकडा लिहितो, मी वही बघितली, पावसाळ्यातले दोन दिवस ६८ लिहिलेत लाल पेननं. (६५-७०च्या वर गेलं की बुरशी धरते.) जुन्या निळ्या ब्लूप्रिंट आणि अमोनिया प्रिंट (नकाशाच्या अमोनियाच्या वाफेनं काढलेल्या प्रती) एकत्र ठेवत नाहीत, कारण अमोनिया प्रिंटमधून वास निघत राहतो आणि शेजारच्यावर डाग पाडतो. निळ्याला तर साधा "चांगला" कागद पण चालत नाही, इतर कागदांसाठी जे खडूसारखं अल्कली घातलेले फोल्डर वापरतात त्यानं निळा रंग उडतो म्हणे, त्याला बिनअल्कलीचा लागतो, आणि उजेडात फिका पडलेला निळा अंधारात ठेवला तर थोडा परत येतो, हे ऐकून मला लोणच्याची आठवण झाली का कोण जाणे. डांबरगोळ्या टाकू नका म्हणाल्या, आम्ही किलोभर टाकल्या होत्या. त्या दुकानदाराची सेलोटेप मात्र अजून तशीच आहे, ती काढणारा माणूस बाहेरून येतो आणि तो अजून आलेला नाही.

कागदपत्रांचं म्हणजे आपल्या बाजूच्या कागदपत्रांचं. गिफ्ट डीड म्हणजे बक्षीसपत्र करतात, स्टॅम्पपेपरवर. दादानं सही करायला पेन उघडलंच होतं, मी म्हटलं थांब वाचू दे, माझी बँकेतली सवय. त्यात कागदांची मालकी कॉलेजकडे जाते, ते ठीक, पण कॉपीराइट आपोआप जात नाही, तो वेगळा लिहून द्यावा लागतो. आपल्याकडे माणूस गेल्यावर पुढचं वर्ष लागल्यापासून ६० वर्षं तो वारसांचा, म्हणजे काकांच्या नकाशांचा २०७९ संपेपर्यंत आमचा. डीडच्या मसुद्यात एका ओळीत सगळे हक्क असं घुसडलं होतं. विचारल्यावर बेननी लगेच बदलून दिलं, त्या म्हणाल्या हा फॉर्म ऑफिसचा, सगळ्यांना हाच देतात. तर सगळ्यांनी वाचा. अभ्यासाला वापरायला आम्ही परवानगी दिली, छापायचं असेल तर विचारायचं, एवढं ठरलं.

आणि द्यायचं की नाही यावर माझी शेवटची शंका बेननीच घालवली. मी म्हटलं, एवढे बडोद्याचे कागद, उद्या तुमची मॅनेजमेंट बदलली आणि कुठेतरी पाठवले तर? तर त्यांनी गर्ट्रूड जेकिलची गोष्ट सांगितली, इंग्लंडमधली बागा आखणारी बाई, १९३२ मध्ये वारली. तिचे नकाशे पुढे बिअट्रिक्स फॅरंड नावाच्या अमेरिकन लँडस्केपवालीनं विकत घेतले आणि १९५५ मध्ये स्वतःच्या संग्रहासकट कॅलिफोर्नियात बर्कलीच्या युनिव्हर्सिटीला देऊन टाकले. इंग्लंडच्या बागा इंग्लंडमध्ये आणि त्यांचे नकाशे समुद्रापार कॅलिफोर्नियात, पण आहेत. मला हे उत्तर पूर्ण आवडलं नाही, खरं सांगते. पण खोटा धीर दिला नाही हे आवडलं.

आता वाचनखोली. इथेच पाच आणि इथेच दोन स्टार. फेब्रुवारीत पहिली यादी तयार झाली तेव्हा मी गेले. बॅग लॉकरमध्ये, पेन नाही फक्त पेन्सिल, हात धुऊन कोरडे. पांढरे हातमोजे घालतील असं वाटलं होतं, तर ते फक्त फोटोंना, कागदाला नाही, मोज्यांनी कळत नाही आणि कागद फाटतो. मी मुद्दाम आमच्या कॉलनीचा बॉक्स मागवला. म्हणजे असं, बाबा ज्या कारखान्यात होते त्याच्या कॉलनीतली झाडं, रस्ते हे काकांनी केलं होतं, १९८१ मध्ये, आणि आम्ही तिथेच वाढलो. मेन रोडला दोन्ही बाजूंनी गुलमोहर. मे महिन्यात काय दिसायचं ते! आणि मी नववीत असताना वादळात त्यातला एक बाबांच्या नव्या बजाज स्कूटरवर आडवा झाला. त्यानंतर ३० वर्षं, अक्षरशः ३० वर्षं, प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक श्राद्धाला, बाबांचं एक वाक्य ठरलेलं, "नाना, तुझ्या गुलमोहरानं माझी स्कूटर खाल्ली." सगळे हसायचे. काका पण हसायचे आणि अजून थोडं श्रीखंड वाढून घ्यायचे.

जुडगं उघडलं. वर प्लँटिंग प्लॅन, मेन रोड, दोन्ही कडांना गोल गोल, मोजले, ३६. प्रत्येक गोलात काकांच्या त्या किरट्या अक्षरात "कडुनिंब" नाहीतर "बूच". गुलमोहर एकही नाही. त्याच्या मागे ऑफिसचं पत्र, की रंगीत फुलांची झाडं हवीत, लवकर वाढणारी. त्याच्या मागे नर्सरीचं बिल, गुलमोहर, नग ३६. आणि पत्राच्या उलट्या बाजूला पेन्सिलनं, "गुलमोहराची मुळं वरवर जातात. वाऱ्यात पडेल. दोनदा कळवलं. ऐकत नाहीत."

बिल वहिनीच्या रद्दीच्या पिशवीतलं होतं. कोपऱ्यात कसरीचं भोक, तीन कागदांत एकाच जागी.

मी तिथून उठून बाहेर जिन्यात गेले आणि बाबांना फोन लावला. बाबा ८६ आहेत, कमी ऐकू येतं, जिन्यात ओरडून ओरडून सांगितलं, खालून पोरं बघायला लागली. बराच वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं लाइन कट झाली. मग म्हणाले, "मग बोलला का नाही कधी, गाढव." आणि मग म्हणाले, "मला ते अक्षर बघायचंय."

आणि इथून तक्रारी सुरू. मोबाइलवर फोटो काढू देत नाहीत. मी म्हटलं अहो माझेच काका, डीडवर माझी सही आहे, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला मॅडम सही आहे म्हणजेच आता आमचं आहे. कायद्यानं बरोबर असेल पण बोलायची पद्धत? (बेन त्या दिवशी रजेवर होत्या. त्या नसल्या की ते आर्काइव्ह म्हणजे नुसतं कुलूप.) कॉपीसाठी अर्ज, अर्जाला आयडीची झेरॉक्स, फी चलनानं, चलन भरायची खिडकी वेगळ्या बिल्डिंगमध्ये आणि ती १ वाजता बंद. कॉपी मिळायला १९ दिवस लागले. आली तेव्हा स्कॅन इतका सुंदर होता की पेन्सिलचं खोडलेलं पण दिसत होतं, पण फक्त पत्राच्या पुढच्या बाजूचा! मागची बाजू स्कॅनच केली नव्हती. पुन्हा अर्ज. आणि वाचनखोली शनिवार रविवार बंद, नोकरी करणाऱ्या माणसानं जायचं कधी ते सांगा.

यादीचं काम पण रेंगाळलंय. पहिले १० बॉक्स फटाफट झाले, ११ व्या बॉक्सपासून पुढे अजून नुसतं "विविध" लिहिलंय. स्लाइड्सना हात लागलेला नाही. माणसं दोन आणि काम वीस जणांचं हे दिसतंच, त्यामुळे बेनना दोष देत नाही, वरच्यांना देते. उद्घाटनाला फोटो काढायला मात्र १५ जण होते आणि बोर्डावर काकांच्या जन्माचं वर्ष चुकवलं, ते सांगून झालं, अजून तसंच आहे.

ज्यांना द्यायचंय त्यांनी द्या, माझं मत विचाराल तर. घरी ठेवण्यापेक्षा शंभर पटीनं बरं. फक्त आवरू नका, टाचण्यासुद्धा राहू देत, त्या ते स्वतः काढतात आणि कुठे होत्या ते लिहून ठेवतात. ट्रंकेचा फोटो काढा उघडल्याबरोबर. डीड वाचा. जायच्या आधी फोन करून बेन आहेत का विचारा, आणि सकाळी जा, म्हणजे चलनाची खिडकी मिळते.

साडेतीन स्टार दिलेत. अर्धा बोर्डासाठी कापला. एक जो कापलाय तो लिफ्टसाठी. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, पूर आला तर? बेन म्हणाल्या म्हणूनच दुसऱ्या मजल्यावर आहोत, पाणी इथवर येणार नाही. बरोबर आहे. पण लिफ्ट मार्चपासून बंद आहे, बॉक्स खोलीबाहेर न्यायला परवानगी नाही, आणि बाबांच्या गुडघ्यांना ४४ पायऱ्या होत नाहीत, मी मोजल्यात. मागच्या बाजूची कॉपी आली ती त्यांनी चष्म्याच्या डबीत ठेवलीय, पण रोज विचारतात, खरा कागद कधी दाखवतेस. लिफ्ट सुरू झाली की कोणीतरी खाली कमेंटमध्ये टाका, त्याच दिवशी येऊन एक स्टार वाढवते.